शरीर सांभाळायचं ते कशासाठी?

धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचं नाव हल्ली खव्यामुळे जास्त निघतं. बालाघाटाच्या या डोंगराळ, पावसाला पारख्या पट्ट्यात पिकापेक्षा दुभत्या जनावराचा भरवसा अधिक. त्यातून खव्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबवून पेढा घेणं प्रवाशांच्या अंगवळणी पडलं. याच कुंथलगिरीच्या डोंगरावर दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे दोन मुनी इथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा. इथेच १९५५ च्या ऑगस्टमध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. आधी अन्न सुटलं, पुढे पाणीही सुटलं आणि १८ सप्टेंबरच्या सकाळी देह सुटला.

आरोग्याच्या सल्ल्यांचा सध्या सुकाळ आहे. कोणी नाचणी खायला सांगतं, कोणी तूप, कोणी सोळा तास उपाशी राहायला. काय खावं हे सांगणारे शंभर जण भेटतात. शरीर धडधाकट ठेवून त्याचं पुढे करायचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या धर्मजीवनात हा प्रश्न जागोजागी विचारलेला दिसतो. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि म्हणूनच ती पाहण्यासारखी आहेत.

शांतिसागर महाराज मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावच्या पाटील घराण्यातले, जन्म १८७२ चा. १९२० साली त्यांनी मुनिदीक्षा घेतली. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतो, तेही उभ्याने, हाताच्या ओंजळीत. पाणीही त्याच वेळी. गृहस्थ जैनांचे नियम इतके कडक नाहीत, पण दिशा तीच आहे: दिवेलागणीआधी जेवण उरकायचं, कंदमुळं वर्ज्य, पाणी गाळून आणि उकळून. आजचा डॉक्टर या यादीतल्या बऱ्याच गोष्टींना मान डोलावेल. उकळलेल्या पाण्याने पोटाचे किती आजार टळतात हे वेगळं सांगायला नको, आणि रात्री उशिरा जेवू नका हे तर आता मधुमेहाच्या प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं.

पण मुनी ते पोट साफ राहावं म्हणून करत नव्हते. अंधारात जेवताना बारीक जीव मरतात, न गाळलेल्या पाण्यात जीव असतात, कंद उपटला की असंख्य सूक्ष्म जीवांचं घर मोडतं, हा त्यामागचा विचार. आरोग्य हा ओघाने पदरात पडलेला लाभ. दोन्हींतला फरक कळतो तो शेवटी. उतारवयात महाराजांची दृष्टी अधू होत गेली. पायाखालचा जीव दिसेनासा झाला, तर अहिंसेचं व्रत पाळायचं कसं? देह व्रतासाठी होता. तो व्रताला उपयोगी पडेनासा झाला तेव्हा जैन शास्त्राने सांगितलेल्या वाटेने तो ठेवून देण्याचा निर्णय त्यांनी घेतला. ज्या शिस्तीने शरीर त्र्याऐंशी वर्षं चाललं, तीच शिस्त ते उतरवून ठेवायलाही कामी आली.

ही गोष्ट सगळ्यांना पटेल असं नाही, आणि पटावी असा आग्रहही नको. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखना-संथारा हा दंडनीय ठरवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. एखाद्या घरात परावलंबी म्हातारीवर पुण्याच्या नावाखाली दबाव येऊ शकतो, ही शंका खोटी नाही. वर्षानुवर्षं व्रतनियमांत मुरलेल्या संन्याशाचा निर्णय आणि तो दबाव एकाच मापाने मोजता येत नाहीत, हेही तितकंच खरं. इथे मुद्दा एवढाच की कुंथलगिरीच्या हिशेबात दीर्घायुष्य हे साध्य नव्हतंच.

तुळजापुरात उत्तर वेगळं मिळतं. तिथे देवी चक्क झोपते.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा तिला उचलून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंतची घोरनिद्रा, दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर कोजागरी पौर्णिमेपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. दसऱ्यासाठी पलंग नगरकडून येतो, पालखी बुऱ्हाणनगरची. महिषासुराशी नऊ दिवस झुंजलेली देवी दमली म्हणून झोपते, हे समजण्यासारखं आहे. खरी गंमत पहिल्या निद्रेत आहे: ती युद्धाच्या आधी घेतलेली आहे. पुढे मोठं काम आहे, तेव्हा आधी झोप पुरी करून घ्यावी, असा विचार करणारं दैवत विरळाच. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या पोरांनी आणि कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधीच थकलेल्या माणसांनी या पलंगाचं दर्शन थोडं निवांत घ्यायला हवं.

चरकसंहितेत शरीराचे तीन आधार सांगितले आहेत: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. त्यातल्या आहारावर आज हजार पुस्तकं निघतात, ब्रह्मचर्यावर प्रवचनं होतात, आणि निद्रेच्या वाट्याला फार तर एक गोळी येते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही खाण्याइतकंच झोपेचं माप घालून दिलं आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. व्रतवैकल्यांच्या देशात ‘उपाशी राहून योग साधत नाही’ असं देवाच्याच तोंडून ऐकायला मिळावं, याचं अनेकांना आजही नवल वाटतं.

गीतेचा विषय निघाला की सात्त्विक आहाराची चर्चा आलीच. सतराव्या अध्यायातल्या वर्गीकरणाचा आधार घेऊन शाकाहार म्हणजे धर्म, बाकी सारं तामस, असं ठासून सांगणारे बरेच असतात. त्यांनी महानवमीला तुळजापुरात थांबून पाहावं. होमावर अजाबळी दिला जातो. जिल्ह्यातल्या असंख्य कुटुंबांच्या नवसाची कंदुरी असते, भाऊबंद जमतात, बोकड कापलं जातं आणि वाटे सगळ्यांत होतात. इथली उस्मानाबादी शेळी ही जात देशभर नावाजलेली आहे, ती काही केवळ दुधासाठी नव्हे. तेरला संत गोरोबाकाका कुंभारांच्या समाधीपुढे तुळशीमाळ घालून बसलेला वारकरी आणि कंदुरीचा रस्सा वाढणारा गोंधळी हे दोघेही धर्मच पाळत असतात, आणि पुष्कळदा एकाच घरात राहतात. आरोग्याच्या नजरेने पाहिलं तर कंदुरीतली एक गोष्ट लक्षात येते: मांस हे प्रसंगाचं अन्न होतं. वर्षात मोजक्या वेळा, अनेकांत वाटून. आठवड्यातून तीनदा खोक्यात भरून घरपोच येणारी तळलेली कोंबडी ही अगदी निराळी चीज आहे.

काय खायचं यापेक्षा कधी खायचं, कधी सोडायचं, यावर या भागातल्या धर्माचा भर जास्त दिसतो. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूर-नळदुर्गचा खंडोबा हा त्याचा चांगला दाखला. देव एक, गावं दोन. वर्षातले सुमारे दोन महिने तो नळदुर्गला मुक्कामाला असतो, उरलेला काळ अणदूरला. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला त्याला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. चातुर्मासात ज्यांनी कांदा, लसूण, वांगं सोडलेलं असतं, त्यांच्या घरी त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात पुन्हा ताटात येते. पावसाळ्यात जठराग्नी मंद असतो म्हणून हलकं आणि मोजकं खावं, हेमंतात तो प्रबळ होतो म्हणून स्निग्ध, जड अन्न सोसतं, असं आयुर्वेदाची ऋतुचर्या सांगते. सण त्याच हिशेबाने बसवले, असं छातीठोकपणे म्हणणं धाडसाचं ठरेल. पण हिवाळ्यातलं कोवळं, कमी बियांचं वांगं निखाऱ्यावर भाजून खाल्लेल्या माणसाला एवढं नक्की पटेल की चार महिने वाट पाहिल्याने त्याची चव वाढते.

या साऱ्यांत सर्वांत श्रीमंत ताट मिळतं ते वेळ अमावस्येला. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे बिदर-कलबुर्गीपर्यंत हा सण पसरलेला आहे. पुण्या-मुंबईच्या पंचांगात त्याची कोणी दखल घेत नाही, इथे मात्र मार्गशीर्ष अमावस्येला गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. स्थानिक सुट्टी जाहीर होते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते. डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन घरधनी रानात येतो, पिकात आंबील शिंपडतो. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवतात.

आणि मग ती भज्जी. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगं, शेंगदाणे, बोरं, चिंच, जे जे त्या आठवड्यात शिवारात आहे ते ते एका पातेल्यात, डाळीच्या पिठात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, शेंगाची पोळी, धपाटे, गव्हाची खीर, आणि तहान लागली की आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, लसूण-जिऱ्याची चव देऊन केलेलं. एकाही घरात या दिवशी बाजारातून भाजी आणण्याची पाळी येऊ नये, अशी खरं तर या सणाची अट आहे.

आहारशास्त्राला या ताटात नावं ठेवायला फारशी जागा नाही. ज्वारी-बाजरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, हरभरा-तुरीत ते भरपूर असतं; एकत्र आले की प्रथिनं पुरी होतात. बोरातलं जीवनसत्त्व क पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. आंबवल्याने ज्वारीतलं फायटेट घटतं, म्हणजे खनिजं शरीराला अधिक मिळतात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच चोथा असतो. मैद्यात चोथा तीन ग्रॅमच्या आतच. कोप बांधणाऱ्याला यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याच्या दृष्टीने तो रानाचे आभार मानत होता. शेतातल्या त्या जेवणाला गावातली इतर जातीधर्माची माणसंही बोलावलेली असतात. ज्याला शेत नाही त्याला त्या दिवशी कोणाच्या तरी शेतात जेवण मिळतंच. अर्थात पाहुणा म्हणून मिळतं, मालक म्हणून नाही. सणाच्या गोडव्यात हा फरक विरघळून जात नाही.

कुंथलगिरीत शरीर व्रताचं साधन, तर वेळ अमावस्येला ते रानाचं देणेकरी. मातीतून आलेलं मातीत थोडं शिंपडायचं, मग खायचं. तेरच्या गोरोबाकाकांनी देहाचा हा प्रश्न आपल्या कुंभाराच्या धंद्याच्या भाषेत मांडला, असं आख्यायिका सांगते. संतमंडळी जमली असताना त्यांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून मडकं पक्कं की कच्चं ते पाहिलं, आणि नामदेव कच्चे निघाले. देह मडक्यासारखा फुटणारा, हे तर संतांनी पुन्हापुन्हा सांगितलं. कुंभार मात्र मडकं फुटणार म्हणून ते नीट भाजायचं टाळत नाही. ज्या तेर गावाचा उल्लेख ‘तगर’ म्हणून पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये येतो, जिथल्या मातीची भांडी आणि मूर्ती आज लामतुरे संग्रहालयात मांडलेल्या आहेत, तिथल्या संताच्या नावावर मडक्याचीच गोष्ट असावी हे शोभणारं आहे.

आता त्या ताटाखालची जमीन बदलली आहे. जिल्ह्याच्या खरिपावर सोयाबीनचं राज्य आहे, आणि ते घरी खायला नव्हे, बाजारात विकायला पिकतं. मोहोळची मालदांडी ज्वारी अजून रब्बीत काळ्या रानात दिसते, पण काढणीला माणूस मिळत नाही ही तक्रार दरसालची. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, २०२३ पासून तर फुकट. ज्वारी मात्र किरकोळ बाजारात गव्हापेक्षा महाग. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. शहरातल्या हॉटेलांत ज्वारीचे पदार्थ आले, आणि ज्यांच्या आजोबांनी आयुष्यभर भाकरीच खाल्ली त्या घरांत पोळी हे सुधारल्याचं लक्षण ठरलं. देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच वर्षी जाहीर केलं. ज्वारी गेली म्हणून मधुमेह आला असं सोपं समीकरण मांडता येणार नाही; शारीरिक कष्ट कमी झाले, साखर वाढली, झोप घटली, हेही त्यात आहे.

उपासाचं तर आणखी विचित्र झालं. एकादशीला ज्वारी चालत नाही आणि साबुदाणा चालतो. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी इकडे आणलेला. आपल्या बाजारात येणारा बराचसा माल तमिळनाडूतल्या सेलमचा. बटाटा आणि शेंगदाणाही त्याच खंडातले, आणि मिरचीही अमेरिकेतूनच आलेली. ज्ञानदेव-नामदेवांनी ज्या एकादश्या केल्या, त्यात साबुदाण्याची खिचडी असणं शक्यच नव्हतं. शंभर ग्रॅम साबुदाण्यात जवळजवळ सत्त्याऐंशी ग्रॅम पिष्ट आणि प्रथिनं नावाला. पोटाला विसावा म्हणून ठरलेल्या दिवशी तूप-शेंगदाण्यात परतलेली ही खिचडी दोनदा खाल्ली, तर उपास कोणाचा झाला हे पोटालाच विचारावं. त्या मानाने भगर शहाणी. ती वरईच, म्हणजे भरडधान्यच. पण तिचं उघडं, जुनं पीठ दमट हवेत बुरशीला लवकर बळी पडतं, आणि नवरात्रात, महाशिवरात्रीला मराठवाड्यात भगरीतून विषबाधेच्या घटना वारंवार घडल्या आहेत. अख्खी भगर आणून, निवडून, धुऊन, घरी हवी तेवढीच दळून घेणं हा उपाय अन्न व औषध प्रशासन सांगतं आणि तो जुन्या बायकाही सांगायच्या.

बायकांचा विषय या लेखात शेवटी आला, तसाच तो ताटावरही शेवटीच येतो. वेळ अमावस्येच्या भज्जीसाठी आदल्या दिवसापासून निवडणं-सोलणं त्यांचं, पहाटे चूल त्यांची, सगळ्यांना वाढून झाल्यावर बसणंही त्यांचंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. याच स्त्रिया नवरात्राचे नऊ दिवस, सोमवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपास सांभाळतात. देवीसाठी पलंग येतो; तिच्या नावाने उपास करणारीला दुपारी घटकाभर आडवं होणंही संकोचाचं वाटतं.

धर्मशास्त्र मात्र इतकं निष्ठुर नाही. व्रत कशाने मोडत नाही याची आठ गोष्टींची यादी त्यात दिलेली आहे. पाणी, कंदमूळ, फळ, दूध या यादीत आहेत आणि शेवटी औषधही आहे. एकादशीची सक्तीही लहान मुलांवर आणि अतिवृद्धांवर नाही. धाराशिव शहरात ख्वाजा शमशुद्दीन गाझींच्या दर्ग्याभोवती रमजानचे रोजे पाळणाऱ्यांनाही कुराणाने हीच सवलत दिली आहे: आजारी आणि प्रवासी यांनी रोजे पुढे कधीतरी पुरे करावेत. तरी सणासुदीला जिल्ह्यातले डॉक्टर इन्सुलिन चुकवलेले, गोळी ‘उपासाला चालत नाही’ म्हणून ठेवून दिलेले रुग्ण पाहतच असतात. कोजागरीला सोलापूर आणि कर्नाटकाकडून तुळजापूरपर्यंत लाखो माणसं चालत येतात, वाटेवर आरोग्य पथकांचे तंबू असतात. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी घेतल्याने व्रत मोडत नाही, हे शास्त्राच्या आधाराने, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत त्या तंबूंवर मोठ्या अक्षरांत लिहायला काही हरकत नसावी.